जुनी जीप आणि शेवटचा हात



गेल्या दोन-तीन महिन्यांत शिवारफेरीसाठी आम्ही ज्या ज्या गावी गेलो, तेथे लागणीच्या आणि खोडव्याच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघाला. "साहेब, गॅरेजमागच्या लिंबाखालची जीप म्हणे पुन्हा चालू करताय, खरं का?" कोणी कौतुकाने विचारले, कोणी चेष्टेने. एका सभासदाने तर स्पष्टच विचारले, "भंगारात घातली असती तर दोन पैसे आले असते. रंगरंगोटी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा, म्हणजे जीपही सभासदांचीच. तेव्हा तिच्यावर काय काम चालले आहे आणि का, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यात, गोठ्यामागे अशी एखादी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा ट्रॉली उभी असते. त्यांनाही या माहितीचा उपयोग व्हावा, म्हणून या अंकात नेहमीचा लागवडीचा लेख बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

इंजिन, गिअर बॉक्स, पाटे, चेसिस ही मोठी कामे बंद हंगामात आपल्या वर्कशॉपमध्ये झाली आहेत. गाडी आपल्या चाकांवर उभी आहे, इंजिन सुरू होते. बघणारा म्हणतो, "झालंच की काम!" पण खरे काम येथूनच सुरू होते. उसाचेच पाहा. वर्षभर पीक पोसायचे आणि तोडणीच्या वेळी बुडखा वर ठेवून तोडायचे, किंवा तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडू द्यायचा. वजनही गेले आणि साखरही गेली. गाडीचेही तसेच आहे. शेवटचा हात नीट फिरला नाही तर आधीची मेहनत दोन पावसाळ्यांत मातीला मिळते.

जीप कोणत्या घराण्यातली?

जीप ही मूळची लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांच्या उपयोगाची म्हणून बाजारात आणली. तिच्या नावातली 'सी.जे.' ही अक्षरे नागरी जीप या अर्थाची आहेत. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्र अँड मोहंमद' ही कंपनी निघाली. १९४८ साली तिचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास याच कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे भागही इथेच बनू लागले.

आपली जीप सी.जे. ३बी नमुन्याची, पेट्रोलवर चालणारी आहे. आर.सी. बुकावर साल १९७४ आहे. ओळखायची खूण म्हणजे उंच बोनेट आणि पुढच्या जाळीला सात उभ्या फटी. बोनेट उंच का, तर या चार सिलिंडरच्या सुमारे २,२०० सी.सी. इंजिनात पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि तिच्यासाठी बोनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे मात्र इंजिने बदलत बदलत तो पुढे कैक वर्षे चालला.

गोदाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात काय चिखल होतो, ते आपणास सांगायला नको. त्या चिखलात चारही चाकांना जोर देणारी ही गाडी 'को ७४०'चे बेणे घेऊन बांधापर्यंत जात असे. जुन्या सभासदांना ते आठवत असेल.

एका क्लिपची गोष्ट

शेवटचा हात म्हणजे काय, हे आम्ही पुस्तकात शिकलो नाही. ते याच जीपने शिकवले.

आम्ही नोकरीस लागून दुसराच पावसाळा होता. जीपच्या मागच्या ब्रेकची नळी नवी टाकली होती. नळी जागेवर धरून ठेवणारी एक क्लिप तेवढी मिळाली नाही. "उद्या आणून बसवू" असे म्हणत गाडी बाहेर काढली. कामाच्या चिठ्ठीवर सही आमचीच होती. तो उद्या काही लवकर उजाडला नाही. नळी तीन आठवडे पाट्याच्या बोल्टाला घासत राहिली.

एके दिवशी मागे दोन सभासद आणि बेण्याच्या मोळ्या घेऊन ओढ्याच्या उतारावर होतो. ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेले. या गाडीला ब्रेकची लाईन एकच असते. एका जागी गळती झाली की चारही चाके सुटतात. नशीब एवढेच की हँडब्रेक वेगळा असतो आणि तो चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो. तो ओढला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ती बांधाला टेकून थांबली. कोणाला लागले नाही. मागे बसलेले एक वडीलधारे सभासद उतरले, खाली वाकून त्यांनी नळी पाहिली आणि एवढेच म्हणाले, "साहेब, ही क्लिप केवढ्याला येती हो?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून शेवटचा हात म्हणजे शोभा, असे आम्ही मानत नाही. पाणी, धूळ, घासणी आणि ठिणगी यांचे शिरायचे रस्ते बंद करणे म्हणजे शेवटचा हात. आता तो कसा फिरवला, ते क्रमाने सांगतो.

पाण्याची वाट अडवा, पण निचराही ठेवा

जीपचा पत्रा वरून कधी सडत नाही, तो खालून सडतो. बॉडीच्या तळाला उलट्या टोपीसारख्या पोकळ पट्ट्या असतात. चिखल त्यांत जाऊन बसतो आणि उन्हाळ्यातही आतून ओला राहतो. म्हणून रंगाच्या आधी या पट्ट्या पाण्याच्या जोराने धुऊन, पूर्ण वाळवून, आत गंजरोधक तेल सोडले.

पत्रा घासून उघडा केला की त्याच दिवशी त्यावर प्रायमर बसला पाहिजे. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी दिसायला स्वच्छ असतो, पण गंज धरायला लागलेला असतो. वरच्या रंगाखाली तो गंज पसरत राहतो आणि वर्षभरात फोड येतात. पत्र्याचे सांधे सीलरने भरले. तळाची निचऱ्याची भोके मात्र मुद्दाम मोकळी ठेवली. पुष्कळ पेंटर "भोक कशाला?" म्हणून तीही बुजवतात. शेताला चर नसेल तर पाणी कोठे जाईल, हे आपल्याला कळते. गाडीचेही तेच आहे.

रंग मारताना हवा कोरडी पाहावी. ओल्या हवेत लॅकर मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते. वॉटर पेपरने घासणे, पुन्हा हात देणे, पुन्हा घासणे यात घाई नको, आणि रंग पूर्ण कडक झाल्याशिवाय पॉलिश नको. हार्डनर घालून मारायच्या रंगाची वाफ छातीला घातक असते. पेंटरला योग्य मास्क दिल्याशिवाय ते काम करू देऊ नये.

रंगाविषयी एक महत्त्वाची सूचना. जीप म्हटले की लष्करी हिरवा रंग सर्वांना आवडतो. आमचे पेंटरही म्हणाले, "साहेब, मिलिटरी कलर मारू. लई उठून दिसंल." पण मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच आहे, इतरांना नाही. म्हणून आपली जीप होती तशीच राखाडी ठेवली आहे. ज्यांच्या मनात हिरवा असेल त्यांनी आधी विचार करावा. नाहीतर रंगाचा खर्च दोनदा होईल.

ब्रेक आणि चाके

या जीपचे ब्रेक ऑईलचे भांडे ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली असते. डोळ्याआड असल्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही. ब्रेक ऑईल हवेतली ओल पिते. ओल पिलेले ऑईल नळ्यांना आतून गंजवते आणि तापल्यावर दगा देते. म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावे.

लाईनमधली हवा काढताना भांड्यापासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून जवळ यावे. पेडल दाबताना मऊ, स्पंजासारखे लागले तर हवा अजून आत आहे असे समजावे. हे ऑईल रंगावर सांडले तर रंग सोलून निघतो. तेव्हा ताज्या रंगावर काम करताना शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि थेंब पडला की लगेच धुवावा. फडक्याने नुसते पुसून भागत नाही.

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून बोल्ट मोडतो. आम्ही डाव्या मडगार्डच्या आतून 'नट उलटे' असे लिहून ठेवले आहे. आम्ही असू नसू, पुढच्या माणसाला कळले पाहिजे.

आणि हो, मागच्या नळीच्या सगळ्या क्लिपा आम्ही स्वतः मोजून बसवल्या.

रंग झाला आणि दिवे मंद झाले

नवा रंग दिल्यावर पुष्कळ गाड्यांचे दिवे मंद होतात, सेल्फ नीट फिरत नाही. मालक बॅटरी बदलतो, डायनॅमो खोलतो, तरी फरक पडत नाही. दोष रंगाचा असतो. जीपमध्ये परतीची वीज पत्र्यातून जाते. अर्थिंगच्या तारेखाली रंगाचा थर आला की वाट बंद होते. म्हणून इंजिन, चेसिस आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या जागी रंग खरवडून, तार घट्ट आवळून, वरून ग्रीस लावावे.

तार जेथे जेथे पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडी बसवावी. नाहीतर पत्र्याची धार हादऱ्याने तार कापते. या गाडीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. तेथे ठिणगी उडाली तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळण्याची सवय आपल्याकडे पंपाच्या पेटीतही आहे. ती दोन्हीकडे घातकच आहे.

आपल्याच उसाचे पेट्रोल

आता सभासदांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली झाला, त्यात महाराष्ट्रातील मनमाड आणि मिरज ही दोन ठिकाणे होती. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ साली देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. या इथेनॉलचा मोठा भाग ऊस, मळी आणि धान्य यांपासून येतो. म्हणजे पंपावर आपण जे पेट्रोल भरतो त्यात आपल्याच शेतातले काहीतरी असते. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण १९७४ साली ही जीप बनली तेव्हा तिच्या रबरी नळ्यांना, पंपाच्या पडद्याला आणि कार्ब्युरेटरला ही ओळख नव्हती. इथेनॉल विकणाऱ्या कारखान्यानेच आपली गाडी इथेनॉलने बिघडू दिली, तर ती हसण्यासारखी गोष्ट होईल. म्हणून येथे आम्ही जास्त वेळ दिला.

पहिली गोष्ट रबराची. जुन्या जातीचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते आणि मग चिरते. बाहेरून नळी चांगली दिसते, पण आतून तिचे कण सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. नळी चिरली तर पेट्रोल गरम इंजिनावर गळते. सगळ्या नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगे ही इथेनॉल सहन करणाऱ्या जातीची घेतली. विकत घेताना तसे स्पष्ट विचारावे. "चालंल हो" या उत्तरावर समाधान मानू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी असेपर्यंत ते मिसळून राहते, पण प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहते. टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी तळाजवळ असते. ती मग पाणीच उचलते. तळाला साचलेले हे पाणी लोखंडी टाकी आतून गंजवते. म्हणून टाकी उतरवून आतून साफ केली, झाकणाचे पॅकिंग नवे घातले. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करून ठेवावेत. अर्धी टाकी ठेवणे सर्वांत वाईट, कारण रिकाम्या भागातली दमट हवा ओल देत राहते.

तिसरी गोष्ट घाणीची. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकट गाळ इथेनॉलने सुटतो आणि फिल्टरमध्ये येतो. सुरुवातीला गाडी बंद पडू लागली की लोक इथेनॉलला शिव्या देतात. खरे तर ते जुनी घाण बाहेर काढत असते. पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलला की हा त्रास संपतो.

चौथी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, कारण त्याच्यातच ऑक्सिजन असतो. नव्या गाड्या हे आपोआप ओळखतात. आपल्या जीपचा कार्ब्युरेटर काही ओळखत नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन गरम चालते. म्हणून मिस्त्रींनी जेट थोडा मोठा घातला आणि प्लगचा रंग पाहून सेटिंग केले. प्लग पांढरा पडला तर मिश्रण पातळ, काळा काजळी धरला तर जाड, विटकरी-तपकिरी असेल तर योग्य.

आणि खरे ते सांगितले पाहिजे. लिटरला लिटर पाहिले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ताकद असते. म्हणून २० टक्के मिश्रणात गणिताने ६ ते ७ टक्के ताकद कमी भरते. जुनी गाडी ॲव्हरेज थोडे कमी देणार, हे धरून चालावे.

गुलमंडीची फेरी

सीट, हूड आणि रबरी पट्ट्या यांसाठी छत्रपती संभाजीनगरला गुलमंडीवर जावे लागले. गुल म्हणजे फूल. पण आमचे ड्रायव्हर गुळवाल्या गावचे, त्यांनी हे नाव आयुष्यभर 'गुळमंडी' असेच ऐकलेले. "साहेब, साखरेच्या कारखान्याची गाडी गुळमंडीला नेताय, चेअरमन काय म्हणतील?" असे ते विचारत होते.

सुपारी हनुमानाला नमस्कार करून आजूबाजूच्या गल्ल्यांत आम्ही पायीच फिरलो. पितळी बकल एका दुकानात, कॅनव्हास दुसऱ्यात, रेक्झिन तिसऱ्यात. हूड शिवणाऱ्या चाचांकडे आम्ही मापे कागदावर लिहून नेली होती. त्यांनी कागद वाचला, घडी करून आमच्या हातात परत दिला. "साहेब, गाडी लेके आओ. कागज पे नापा हुआ कपडा आदमी को भी नहीं बैठता."

गाडी न्यायची म्हणजे गर्दीचा प्रश्न. त्या रस्त्यांवर दिवसा दुचाकी वळवायलाही जागा नसते. शेवटी एके दिवशी दुकाने उघडायच्या आत, पहाटेच जीप नेऊन उभी केली. चाचांनी लोखंडी कमानी चढवायला लावल्या, काच उभी केली आणि मगच फीत काढली. प्रत्येक माप त्यांनी थोडे सैल धरले. कारण विचारले तर म्हणाले, सुती कॅनव्हास पहिल्या पावसात आखडतो. आज ताठ बसवला तर उद्या बकलाशी पोचणार नाही, ओढाताणीत शिवण फाटेल. धागाही सुतीच घातला. ओला झाला की तो फुगतो आणि सुईची भोके आपोआप बुजतात. नायलॉनचा धागा मजबूत खरा, पण तो फुगत नाही, भोकातून पाणी झिरपते. डोळ्यांना पितळी रिंगा लावल्या. लोखंडी रिंग गंजते आणि कापडावर डाग पाडून तेच कुजवते.

सीटच्या फळीला त्यांनी खालून चार भोके पाडायला सांगितली. रेक्झिनच्या शिवणीतून पाणी आत जातेच, ते बाहेर पडायला वाट हवी. तळाच्या पत्र्याला आम्ही जे केले तेच या कारागिरांनी सीटला केले. त्यांना कोणी शिकवायला गेले नव्हते. कामच शिकवते.

पेंटरकडून नंबर हाताने लिहून घ्यायची आमची फार इच्छा होती. पूर्वीच्या गाड्यांवरचे ते वळणदार आकडे कोण विसरेल! पण १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर पाटी सक्तीची आहे. पेंटर थोडे हिरमुसले. मग मागच्या फळीवर 'शेती विभाग' एवढी दोन शब्दांची ओळ त्यांच्या हाताने लिहून घेतली. ब्रशने, पट्टी न लावता.

कागदपत्रे

येथे अनेकजण फसतात, म्हणून लक्ष द्यावे.

५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यांना 'व्ही.ए.' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरवली गेली आणि मुदत १० वर्षांची. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, इंजिन, चेसिस, बॉडी यांत मोठा फेरबदल नसावा. आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते.

आपल्याला जीप पुन्हा शिवारात न्यायची आहे, काचेच्या कपाटात ठेवायची नाही. म्हणून आपण नेहमीच्या पद्धतीने नोंदणीचे नूतनीकरण करून घेत आहोत. ते दर पाच वर्षांनी तपासणी करून करावे लागते.

डिझेल इंजिन टाकण्याचा सल्लाही पुष्कळांनी दिला. ॲव्हरेज वाढले असते हे खरे. पण आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय इंजिन बदलणे कायद्यात बसत नाही, विमाही अडतो. आणि वेगळे इंजिन आले की त्याच्यासाठी क्लच, माऊंटिंग, रेडिएटर सगळेच बदलत जाते. मूळ इंजिन दुरुस्त होण्यासारखे होते, म्हणून तेच ठेवले.

पेंटरला एक ताकीद जरूर द्यावी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवर पुट्टी किंवा जाड रंग जाऊ देऊ नये. तपासणीच्या वेळी त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. ठसा उमटला नाही तर चकचकीत गाडी घेऊन परत यावे लागते.

पहिले काही आठवडे

गाडी तयार झाली तरी तिला लगेच ओझे घालू नये. नव्याने बांधलेले इंजिन पहिल्या काही शे किलोमीटरात अंगात येते. वेग बेताचा ठेवावा, चढावर उगाच वरच्या गिअरमध्ये रेटू नये, आणि पहिले इंजिन ऑईल लवकर बदलावे. त्यात धातूची कीस असते. आठ-पंधरा दिवसांनी पाट्यांचे, चाकांचे आणि बॉडीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. रंग आणि पॅकिंग बसते, बोल्ट सैल होतात. शाफ्टच्या कपलिंगला, पाट्यांच्या पिनांना, स्टिअरिंगच्या सांध्यांना ग्रीसगनने ग्रीस द्यावे आणि जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत द्यावे. चिखलातून आल्यावर हे पुन्हा करावे.

चारही चाकांचा जोर फक्त चिखलात, वाळूत किंवा ओल्या रानात वापरावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि या गाडीत तो फरक सोसण्याची सोय नाही. ताण गिअरवर येतो.

शेवटी

ज्या सभासदाने "रंगरंगोटी कशाला" असे विचारले, त्यांना आमचे उत्तर असे. रंग हा शेवटच्या कामाचा एक लहान भाग आहे. मजुरी आपल्याच वर्कशॉपची, बंद हंगामातली. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती शेती विभागात ठेवली आहे, कोणीही येऊन पाहावी. गाडी पुन्हा शिवारात फिरली तर खर्च सार्थकी लागला. नुसती गेटजवळ उभी राहिली, तर आपण म्हणाल ते आम्ही ऐकून घेऊ.

मात्र सभासदांनीही हंगामापूर्वी आपापल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून एवढा हात फिरवावा, ही विनंती :

१. ट्रॉलीच्या हूकची पिन आणि तिची सेफ्टी क्लिप जागेवर आहे का, ते पाहावे.

२. ट्रॉलीच्या मागे लाल व बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावावेत. रात्री रस्त्यात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसली पाहिजे.

३. ब्रेक ऑईलची पातळी, नळ्या आणि त्यांच्या क्लिपा तपासाव्यात.

४. अर्थिंगच्या तारा साफ करून आवळाव्यात, फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नये.

५. पेट्रोलवर चालणारी फवारणी यंत्रे व मोटारसायकली यांच्या रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. चिरा दिसल्या तर बदलाव्यात.

६. जे काम "उद्या करू" म्हणून ठेवले असेल, ते आज करावे.

ज्यांच्याकडे जुनी जीप आहे आणि ज्यांना काही विचारायचे आहे, त्यांनी कार्यालयीन वेळेत शेती विभागात यावे. नळ्यांचे आणि पॅकिंगांचे नमुने तेथे ठेवले आहेत, हातात घेऊन पाहता येतील. त्यांत ब्रेकच्या नळीची एक जुनी क्लिपही आहे. तिची किंमत अगदीच किरकोळ आहे, एवढे आता आम्ही सांगू शकतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती विभाग